गाठीमागचा धूर

गेल्या वर्षी दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. कापसाची पहिली वेचणी आटोपत आली होती आणि नंदुरबारच्या रस्त्यांवर कापसाने भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग लागू लागली होती. अशात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. त्याची जिनिंग-प्रेसिंग आहे. हातात पाच-सहा पानांचा छापील तक्ता होता.

"सर, तुमचा विषय इतिहास, पण हे जरा बघा," तो म्हणाला.

तक्ता त्याच्याकडून रुईच्या गाठी घेणाऱ्या सूतगिरणीने पाठवला होता. सूतगिरणीकडे तो कापड कारखान्याकडून आला होता आणि कापड कारखान्याकडे परदेशातल्या एका तयार कपड्यांच्या कंपनीकडून. एका गाठीमागे किती युनिट वीज लागते? ती कुठून येते? जनरेटरला डिझेल किती? कापूस कोणत्या गावांचा? शेतकरी एकरी युरिया किती टाकतो? वेचणी संपल्यावर पऱ्हाटीचे काय करतो?

"विजेचं बिल देतो, सर. पण युरियाचा आकडा मी कुठून आणू? शेतकरी येतो, काटा होतो, पैसे घेतो, जातो." मग थोडे थांबून म्हणाला, "हे सगळं भरून दिलं तर भावात काही फरक पडेल का, असं मी विचारलं. तसं काही ठरलेलं नाही म्हणाले."

त्याचा हा शेवटचा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. दूरच्या गिऱ्हाइकाने काही मागावे आणि खानदेशाने ते पुरवावे, हे इथे पूर्वीही झाले आहे. प्रत्येक वेळी मागणी चांगल्याच गोष्टीची होती. ती पुरी करण्याचा खर्च मात्र कोणाच्या खाती पडला, हे कागदोपत्री क्वचितच दिसते. म्हणून हा जुना जमाखर्च एकदा मांडून बघावा असे वाटले.

*

१७व्या शतकात ताव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे जाताना नवापुरावरून गेला. नवापूर हे विणकरांनी भरलेले गाव असल्याची नोंद त्याने केली आहे. पण तिथला मुख्य व्यापार त्याला दिसला तो तांदळाचा. शिजल्यावर हिमासारखा पांढरा दिसणारा आणि कस्तुरीचा वास असलेला हा तांदूळ त्याला फार आवडला होता. वाटेवर दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांचे तांडे धान्य आणि मीठ वाहून नेताना दिसतात, असेही त्याने लिहिले आहे.

त्या काळचा कापूस रेच्यावर हाताने सोलला जाई, पिंजारी तो पिंजत, बायका सूत कातत, विणकर मागावर बसत. शक्ती सगळी माणसांची आणि बैलांची. आजच्या तक्त्यात तो काळ बसवला तर धुराच्या बहुतेक रकान्यांत शून्य येईल. पण त्यावरून तो काळ सुखाचा होता असे समजायचे कारण नाही. रेच्यावर दिवसभर राबणाऱ्या बाईच्या हाती काय पडत असेल, याचा अंदाज कोणीही करावा. रकान्यातले शून्य बरेच काही लपवू शकते, एवढे इथे लक्षात ठेवू.

१८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८५७ मध्ये मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांनी कापूस पुरवठ्यासाठी एक संस्थाच काढली, कारण सगळी मदार अमेरिकेवर ठेवणे त्यांना धोक्याचे वाटू लागले होते. ती भीती खरी ठरली. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला आणि मुंबई इलाख्यातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशावर मुंबईत सट्टा उसळला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच कोसळला. प्रेमचंद रायचंद यांचे नाव त्या कहाणीत सर्वांना ठाऊक आहे. खानदेशातल्या कुणब्याच्या अंगावर त्या तेजीतून काय आले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

लँकेशायरची तक्रार अशी होती की, हिंदुस्थानी कापसात सरकी, माती आणि पाणी मिसळलेले असते आणि धागा आखूड असतो. पहिल्या तक्रारीवर उपाय म्हणून १८६३ साली मुंबई सरकारने कापसातल्या भेसळीविरुद्ध कायदा केला. निरीक्षक नेमले गेले, खटले सुरू झाले आणि या यंत्रणेचा खर्च कापसावरच्या शुल्कातून काढला गेला. दुसऱ्या तक्रारीवर उपाय बियाण्याचा. खानदेशचे जिल्हाधिकारी ॲशबर्नर यांनी लांब धाग्याचे हिंगणघाटचे बी आणवले आणि तेच पेरले जावे म्हणून प्रशासनाचा सगळा जोर लावला.

काही वर्षे ते चाललेही. पण पुढच्या काळात आखूड धाग्याचा वऱ्हाडी वाण परत पसरत गेला. तो दणकट होता, पीक जास्त देई आणि कापसातून रुईचा उतारा जास्त पडे. लांब धाग्याला जो काही चढा भाव मिळे, तो बांधापर्यंत पोचता पोचता विरून जाई. शेतकऱ्याने आपला हिशेब केला आणि आपल्याला परवडेल ते बी पेरले. साहेबाच्या अहवालात याला अडाणीपणा म्हटले गेले असेल. मला ते साधे गणित वाटते. ज्या गुणाचे पैसे मिळत नाहीत, तो गुण सक्तीने फार दिवस टिकत नाही.

*

मग आला कोळसा. १८६०च्या दशकाच्या पूर्वार्धात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे जळगाव-भुसावळपर्यंत पोचली. आमच्या भागाला मात्र ते शतक संपेपर्यंत वाट पाहावी लागली. तापी खोऱ्यातून सुरतेकडे जाणारी लोहमार्गाची वाट झाली आणि कोंडाईबारीच्या घाटातून जाणाऱ्या गाड्यांचा तोरा संपला. रुळांच्या कडेने जिन उभे राहिले, त्यांच्याबरोबर बॉयलर आणि विटांची उंच धुरांडी. माझे वडील अशाच एका जिनात तोलाईचे काम करीत. जिनाचा भोंगा झाला की आई चूल पेटवायची, इतका तो आमच्या घराच्या दिनक्रमात मिसळला होता. धुरांड्यातून धूर निघतो म्हणजे हंगाम चांगला आहे, असे तेव्हा आम्ही पोरे समजत असू.

तिकडे मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली पहिल्या कापड गिरणीची मुहूर्तमेढ रोवली आणि पुढच्या साठ वर्षांत गिरणगाव धुराने भरून गेले. धूर इतका झाला की १९१२ साली मुंबईत धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा करावा लागला. गिरण्यांना कोळसा बंगालमधून, विलायतेतून आणावा लागे. तो महाग पडे. म्हणून सह्याद्रीचे पावसाचे पाणी अडवून खोपोलीला वीज तयार करण्याची योजना टाटांनी आखली. १९१५ साली ती वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली.

कपड्याच्या धंद्याने कोळसा कमी केल्याचे आपल्याकडचे हे पहिले मोठे उदाहरण. आजच्या भाषेत सांगायचे तर मुंबईच्या गिरण्या शंभर वर्षांपूर्वीच अक्षय ऊर्जेकडे वळल्या. त्या वेळी त्यामागे हवामानाची चिंता नव्हती, कोळशाचा भाव होता. पण परिणाम तोच, धुरांडी थंडावली.

या हिशेबाचे दुसरे पान मुळशीचे आहे. आणखी वीज हवी म्हणून मुळशी पेट्यात धरण बांधायचे ठरले आणि मावळ्यांची भाताची खाचरे पाण्याखाली जाणार हे उघड झाले. १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्याचे पुढारी. तीन वर्षे तो लढा चालला, लोक तुरुंगात गेले आणि शेवटी धरण झाले. गिरणीच्या मालकाच्या वहीत कोळशाचा खर्च कमी झाला. मावळातल्या ज्या घरांची भाताची कोठारे रिकामी झाली, त्यांचा त्या वहीत उल्लेख असण्याचे कारणच नव्हते.

*

आता आजच्या तक्त्याकडे येतो. तो का निघाला हे समजून घेतले पाहिजे.

कंपन्यांनी आपल्या हरितगृह वायूंचा हिशेब कसा ठेवावा याची जगभर मान्य झालेली पद्धत २००१ साली ठरली. तिच्यात तीन वर्ग आहेत. कंपनीच्या स्वतःच्या भट्टीतून आणि गाड्यांतून निघणारा धूर पहिल्या वर्गात. तिने विकत घेतलेल्या विजेमागचा धूर दुसऱ्यात. आणि तिच्या मालाच्या पुढे-मागे इतरांकडून होणारे सगळे उत्सर्जन तिसऱ्यात. कपड्याच्या कंपनीचे स्वतःचे असते काय? दुकाने, कचेऱ्या, गोदामे. कापूस दुसऱ्याचा, सूत तिसऱ्याचे, रंगाई चौथ्याची, शिलाई पाचव्याची. त्यामुळे तिचे जवळजवळ सगळे पाप तिसऱ्या वर्गात जाते.

२०१८ च्या डिसेंबरात पोलंडमधल्या कातोवित्से इथे भरलेल्या हवामान परिषदेत कपडे उद्योगाने एक सनद जाहीर केली. त्याच वर्षी लिव्हाय स्ट्रॉसने २०१६ च्या तुलनेत २०२५ पर्यंत आपल्या पुरवठा साखळीतले उत्सर्जन ४० टक्क्यांनी घटवण्याचे ठरवले. एच अँड एमचे उद्दिष्ट २०१९ च्या तुलनेत २०३० पर्यंत ५६ टक्के घट करण्याचे आहे. ही उद्दिष्टे पुरी करायची तर पुरवठादाराच्या अंगणात शिरावेच लागते. म्हणून तो तक्ता नंदुरबारच्या जिनापर्यंत आला.

या साखळीत धूर नेमका कुठे आहे? २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजानुसार कपडे उद्योगाचे २०१९ मधले उत्सर्जन सुमारे १०२ कोटी टन, म्हणजे जगाच्या एकूण उत्सर्जनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास होते. त्यातला ५२ टक्के वाटा कापड विणणे, रंगवणे आणि त्यावर शेवटचे संस्कार करणे या टप्प्याचा. कच्च्या मालाचा, म्हणजे शेत आणि तेलविहिरींचा, २४ टक्के. कच्च्या मालापासून धागा होईपर्यंतचा १५ टक्के. शिलाईचा फक्त ९ टक्के.

आमच्या जिल्ह्याच्या नकाशावर हे आकडे ठेवले की चित्र स्पष्ट होते. २४ टक्क्यांचे टोक शहादा, तळोदा, नंदुरबारच्या काळ्या जमिनीत आहे. ५२ टक्क्यांचे टोक त्याच लोहमार्गाच्या दुसऱ्या अंगाला, सुरतेच्या रंगाई कारखान्यांत. तिथे मुख्यतः कृत्रिम धाग्याचे कापड असते हे खरे, पण बॉयलर बॉयलरच. आणि मधल्या नवापूर स्थानकाचा अर्धा फलाट महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत.

आधी शेत पाहू. युरियाची गोणी ४५ किलोची. तिच्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे २०.७ किलो. हवामानशास्त्राच्या ढोबळ नियमाने यातला एक टक्का नत्र जमिनीतून नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो. वजनाने तो वायू भरतो जेमतेम ३२५ ग्रॅम. पण उष्णता कोंडून धरण्याची त्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट. म्हणजे हिशेबाला सुमारे ८९ किलो कार्बन डायऑक्साइड. युरियातला स्वतःचा कार्बनही मातीत मोकळा होतो, तो आणखी ३३ किलो. एका गोणीमागे १२० किलोंच्या वर झाले, आणि कारखान्यात युरिया तयार होताना जळालेला वायू यात धरलेलाच नाही.

उदाहरणादाखल एकरी पाच क्विंटल कापूस आला असे समजा. त्यातून साधारण १७० किलो रुई, म्हणजे बरोबर एक गाठ निघते. एकराला दोन गोण्या युरिया गेला असेल तर त्या गाठीमागे २४० किलोंचा अदृश्य धूर आहे. गाठीच्या वजनापेक्षा जास्त. जिनातल्या तोलकाट्यावर तो दिसत नाही.

हा धूर कमी करता येतो आणि त्यासाठी विलायती ज्ञानाची गरज नाही. माती तपासून खत देणे, एकदम न टाकता हप्त्याहप्त्याने देणे, कापसाच्या ओळींत मूग-उडीद किंवा तूर घेणे, शेणखत वाढवणे. आंतरपीक आमच्या आजोबांच्या वेळी होतेच. पण हे सगळे करायला मजुरी लागते आणि पीक थोडे घटले तर सोसण्याची ताकद लागते. ती कोरडवाहू दोन एकरवाल्याकडे नसते.

आता रंगाई. कापड रंगवायचे म्हणजे पाणी तापवायचे. एक किलो कापडाला आठ लिटर पाणी घेतले आणि ते ३० अंशांवरून ९० अंशांवर नेले, तर ४८० किलोकॅलरी उष्णता लागते. किलोला चार हजार किलोकॅलरी देणारा कोळसा आणि शंभरातली सत्तर भाग उष्णता कामी लावणारा बॉयलर धरला, तर एका घाण्याला किलो कापडामागे १७० ग्रॅम कोळसा जळाला. धुणे, ब्लीच, रंग, पुन्हा धुणे असे घाणे अनेक असतात. तेच काम पाच लिटरांत करणारे यंत्र घेतले तर १७० चे १०७ ग्रॅम होतात. वाफेचे पाइप झाकणे, गळती थांबवणे, थंड झालेल्या वाफेचे गरम पाणी परत बॉयलरमध्ये घेणे, ही कामे त्याहून स्वस्त. खरी मोठी उडी मात्र कोळसाच काढून टाकण्यात आहे. एच अँड एमने २०२२ पासून कोळशाचा बॉयलर असलेला नवा पुरवठादार घ्यायचा नाही असे ठरवले आणि जुन्यांना बदलासाठी पैसे पुरवण्याची योजनाही काढली. या दोन गोष्टी एकत्र असणे मला महत्त्वाचे वाटते. नुसती बंदी म्हणजे १८६३ चा कायदा झाला असता.

*

कोळशाऐवजी काय जाळायचे, या प्रश्नाचे एक उत्तर आमच्याच शेतात उभे असते. पऱ्हाटीच्या काड्यांचे तुकडे करून, दाबून त्यांच्या कांड्या बनवता येतात आणि त्या बॉयलरमध्ये चालतात. मुंबईत माटुंग्याला कापूस तंत्रज्ञानाची जी संशोधन संस्था १९२४ पासून आहे, तिने पऱ्हाटीच्या उपयोगावर बरेच काम केले आहे. शेतात पेटवून देण्यापेक्षा पऱ्हाटीचे चार पैसे झाले तर कोणाला नको आहेत? वर्षभरात वाढलेले झाड जाळले तर त्याने हवेतून घेतलेलाच कार्बन परत जातो, म्हणून वहीत तो धूर जवळजवळ शून्य धरतात.

मी हे तळोद्याकडच्या एका ओळखीच्या आप्पांना उत्साहाने सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "आमनी बाया मग चुलीत काय घालतीन?"

त्यांचे बरोबर होते. सगळी पऱ्हाटी काही बांधावर जळत नाही. शेतमालक ती उपटून नेऊ देतो आणि भिल्ल, पावरा मजुरांच्या झोपडीमागे तिचा ढीग पावसाळ्यापर्यंत पुरतो. ज्या बायांनी तो कापूस वेचला, त्यांच्याच चुलीचे ते सरपण. ते सुरतेच्या बॉयलरमध्ये गेले तर कंपनीच्या वहीत कोळसा घटेल आणि सातपुड्याच्या पायथ्याला डोक्यावरच्या मोळीची वाट लांबेल. याच भागात १९७२ साली श्रमिक संघटनेने शेतमजुरांच्या मजुरीचा आणि जमिनीचा प्रश्न उभा केला होता. अंबरसिंग महाराजांचे नाव अजून इथे आदराने घेतात. मजुराचा वाटा आपोआप मिळत नाही, तो मागावा लागतो, हे या मातीने तेव्हाच शिकवले आहे.

विजेचेही तसेच. धरणाची वीज तक्त्यात शून्याच्या जवळ धरली जाते. सरदार सरोवराच्या विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा आहे. त्यासाठी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे बाधित झाली, मणिबेली त्यांतले एक. नर्मदेच्या काठावरच्या त्या माणसांना शून्य हा आकडा कसा समजावून सांगायचा?

याचा अर्थ कोळसाच जाळत राहावे असा कोणी घेऊ नये. पाऊस लांबला, उन्हाळा वाढला, बोंडे फुटायच्या वेळी अवकाळीने कापूस काळा पडला, तर त्याचा पहिला फटका याच लोकांना बसतो. उत्सर्जन घटले पाहिजे आणि ते घटवण्यात कपड्याच्या कंपन्यांनी पुढे असले पाहिजे, कारण नफ्याचा मोठा भाग त्यांच्याकडे राहतो. माझे म्हणणे एवढेच की घटीचे श्रेय जिच्या वहीत जमा होते, तिच्याच वहीत तिचा खर्चही पडावा. नव्या बॉयलरचे कर्ज सात वर्षांचे आणि कापडाची ऑर्डर एका हंगामाची, असा व्यवहार असेल तर कारखानदार अंगाला लावून घेणार नाही. युरिया कमी टाकल्याबद्दल क्विंटलला चार पैसे जास्त मिळणार नसतील, तर शेतकरी हिंगणघाटच्या बियाण्याचे जे केले तेच करील. आणि पऱ्हाटी नेणारा चुलीची सोय करून देणार नसेल, तर आपण मुळशीचे पान पुन्हा लिहीत आहोत.

आम्ही दोघांनी तो तक्ता संध्याकाळी भरायला घेतला. विजेची युनिटे बिलावरून लिहिली. डिझेलचा आकडा त्याच्या मुनीमाने फोनवर सांगितला. युरियाच्या रकान्यात अंदाजाने काही लिहून टाकावे असे त्याचे म्हणणे होते. मी नको म्हटले. शेवटी असे ठरले की, त्याच्याकडे नेहमी कापूस आणणाऱ्या वीस शेतकऱ्यांना काट्यावरच विचारायचे आणि जे सांगतील ते लिहायचे. पऱ्हाटीच्या रकान्यात दोनच पर्याय दिले होते, जाळतात किंवा जमिनीत गाडतात. त्याने पेन माझ्या हातात दिले. मी कडेच्या कोऱ्या जागेत लिहिले: मजुरांच्या घरी स्वयंपाकाला वापरतात.

तक्ता गेला. पुढच्या महिन्यात उत्तर आले की या नोंदीचे वर्गीकरण होत नाही, कृपया दोन्हींपैकी एक पर्याय निवडावा. त्याने मला विचारले, काय करू? मी म्हटले, तीच नोंद पुन्हा पाठव आणि भावाचे काय ठरले, तेही परत एकदा विचार.